चिमूटभर शेव

बाबूरावांच्या घरी कोणी आवाज चढवला की त्याच्यापुढे आधी शेवेची वाटी यायची. इंदूरचं घर ते; भांडायला आलेला शेजारीसुद्धा तोंड चाळवून परत जायचा. तोच न्याय त्यांनी बादलला लावला आणि घोटाळा झाला.

बादल म्हणजे सून मंजिरीनं गल्लीतून उचलून आणलेला कुत्रा. मंजिरी घरून ऑनलाइन गणित शिकवायची. तिचा तास सुरू झाला की हे महाशय दाराशी भुंकायचे, आणि सुनेला त्रास नको म्हणून बाबूराव लगबगीनं चिमूटभर शेव टाकायचे. ती फस्त करून बादल नव्या दमानं सुरू. शेवटी कोचिंगवाल्यांनी मंजिरीला निर्वाणीचं सांगितलं. येत्या रविवारी बादलला महूला तिच्या मैत्रिणीकडे सोडायचं ठरलं. बाबूरावांचा जीव कासावीस झाला. मुलगा ऑफिसात, सून तासात. दिवसभर त्यांच्या मागेपुढे घुटमळणारं दुसरं होतं कोण?

बुधवारी ते बादलला घेऊन पलासियात जनावरांच्या डॉक्टर अनुश्रींकडे गेले.

“काकाजी, भुंकायची ट्रेनिंग त्याला तुम्हीच दिली,” त्या हसत म्हणाल्या. “सेव बिलकुल बंद, ती त्याला चांगलीही नाही. तासाआधी फिरवून आणा. भुंकला की पाठ फिरवा. रागवायचं पण नाही, लक्ष मिळालं की त्याला तेही चालतं. गप्प झाला की लगेच जवळ घ्या. आधी तो जास्त भुंकेल, तेव्हा पिघळू नका.”

शुक्रवारी बादलनं घर डोक्यावर घेतलं. बाबूराव भिंतीकडे तोंड करून बसले. सवयीनं डब्याकडे जाणारा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

मंजिरी दार उघडून बाहेर आली. “बाबा, देऊन टाका ना सेव. मुलं हसताहेत.”

सुनेचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. “नाही देणार,” ते म्हणाले. “उद्यापर्यंत सांभाळून घे.”

शनिवारी बादल दहा मिनिटं भुंकला आणि दम खायला थांबला. बाबूराव तेवढ्यात वळले, कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसले आणि त्याचे कान कुरवाळू लागले. तो पुन्हा भुंकला, यांनी पाठ फिरवली. असं चार-पाचदा झालं. मग बादलनं त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली आणि तो पडून राहिला. त्याला शेव नकोच होती मेल्याला. बाबूराव तासभर हलले नाहीत.

तास संपवून मंजिरी बाहेर आली. तिनं कुत्र्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

“बाबा, आज तुम्ही पण एकदाही हाक नाही मारली.”

बाबूराव ओशाळले. एरवी तासात दोनदा तरी ते विचारायचे, चष्मा कुठे आहे म्हणून. चष्मा कपाळावरच असायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती यायची, चष्मा खाली ओढून द्यायची आणि तशीच परत जायची.

“आज सापडला,” ते पुटपुटले.

मंजिरी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. “महूला फोन करून ‘नाही’ म्हणून सांगते. हा कुठे नाही जात,” ती म्हणाली. “आणि तुम्ही सांगा बरं, दिवसभर काय करता?”

बायको, शांताबाई, गेल्यापासून हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सांगायला केवढं तरी साठलं होतं. बादलच्या डोक्यावर हात ठेवून बाबूरावांनी सकाळच्या चहापासून सुरुवात केली.