उल्केचा डावा हात

चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना हॅल लिंडक्विस्टने चित्रांची बावीस पानं माझ्या टेबलावर ठेवली. हॅल ‘ध्रुवदल’ या कॉमिकचा संपादक, मी त्याची सहायक. पाच वाजता छापखान्याचा माणूस पानं न्यायला येणार होता.

“नेओमी, तुझं कार्ड काढ. आपल्या उल्केचा लोखंडी हात कुठला?”

ध्रुवदलातल्या प्रत्येकाचं कार्ड मी ठेवायचे: शक्ती, जखमा, कोण कुठल्या अंकात मेलं. आमच्या गोष्टींत दोन विश्वं होती आणि दोन्हीकडे एकेक ध्रुवदल. माणसं तीच, आयुष्यं वेगळी. या दोनशेव्या अंकात दोन्ही दलं पहिल्यांदा समोरासमोर येत होती. उल्का ही नायिकाही दोन्ही दलांत होती; दोघींचे चेहरे सारखे, पोशाख सारखा. एकीचा उजवा हात लोखंडी, दुसरीचा डावा. वाचकाला तेवढीच खूण.

“उजवा,” मी कार्ड वाचून सांगितलं.

“ऐकलंस? बावीसच्या बावीस पानं उलटी काढलीयेत तू,” हॅल खिडकीकडे बघत म्हणाला.

खिडकीपाशी चित्रकार एन्झो तारांतोला अंगातला कोटही न काढता बसले होते. वय त्रेसष्ट. याआधी त्यांच्याकडे दिलेले दोन अंक त्यांनी उशिरा दिले होते. हा फसला तर त्यांना पुन्हा बोलावणं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“एकशेबाराव्या अंकात तिचा हात मीच तोडलाय. डावा तोडलाय,” एन्झो म्हणाले.

“गेले तीन अंक दुसऱ्यांनी काढले, तिन्हींत उजवा आहे. पाच वाजता मी काय देऊ, जुनीच गोष्ट परत छापायला?”

“दे की. तुला तरी कुठे फरक कळतोय.”

मी मागच्या खोलीत गेले. चार महिन्यांपूर्वी ज्या फोटोप्रतीवरून कार्ड लिहिलं होतं ती काढली. उजवा हात. मग बांधलेल्या खंडातला छापील एकशेबारावा अंक उघडला.

डावा.

प्रत काढताना फिल्म उलटी लागली होती. उल्केच्या छातीवरचं चिन्ह गोल, दोन्हीकडून सारखं. चौकटीत एकही अक्षर नाही. उलटं झालंय हे त्या प्रतीवरून कळणं शक्यच नव्हतं. म्हणूनच मूळ अंक उघडायला हवा होता. मी फिजिक्स शिकलेली, एक मोजमाप पुरत नाही हे मला माहीत, आणि एका प्रतीवर विसंबून बसले. पुढच्या तिन्ही चित्रकारांनी माझ्या कार्डाप्रमाणेच हात काढला होता.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खंड फळीवर परत ठेवला असता तर एन्झो घरी गेले असते आणि माझी नोकरी राहिली असती. मी तो उचलून बाहेर आणला.

हॅलने पान पाहिलं. “कार्ड कोणी लिहिलं?”

“मी. चूक माझी आहे. एन्झोंची पानं बरोबर आहेत.”

“बरोबर असून उपयोग काय? तीन अंक विकले गेलेत. ते खोटे ठरतात.”

“म्हणजे तीन महिने उल्केच्या जागी तुमच्या टेबलावर दुसरीच बाई जेवत होती,” एन्झो कुत्सितपणे म्हणाले.

मला एकशेसत्त्याण्णवावा अंक आठवला.

“त्यात ती आईला बघून रडते,” मी म्हणाले. “का रडते ते आपण कधी दिलंच नाही. पलीकडच्या उल्केची आई मेलीये.”

हॅलने खुर्ची ओढली. “ती तेव्हाच इकडे आली होती. आपली तिकडे अडकली, आणि दोनशेच्या आधी दोघी आपापल्या घरी परतल्या. कुठलं पान?”

“सहावं. दोघी पहिल्यांदा भेटतात तिथे.”

“संवादाचे दोन फुगे बदलायचे. एन्झो, आईचा चेहरा घालायला कोपऱ्यात जागा आहे?”

“केली तर होईल.” एन्झोंनी आता कोट काढला. “पण घाई केलीस तर म्हातारी तुझ्यासारखी दिसेल.”

“दोनशे एकावा कधी देशील?”

“आधी शाई आण.”

हॅल माझ्याकडे वळला. “कार्डांची पेटी माझ्या खोलीत ठेव. आजपासून ती माझ्याकडे. आणि पाच वाजले की आत ये.”

पेटी ठेवून मी परत आले आणि संवादाच्या दोन पट्ट्या कापून दिल्या. एन्झो मान खाली घालून काढत होते. छापखान्याचा माणूस आला तेव्हा सहावं पान ओलंच होतं. ते मी सगळ्यांत वर, मोकळं ठेवून दिलं आणि हॅलच्या खोलीचं दार वाजवलं.