खिडकी शिवलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे. एके काळी निळा होतो. आता माझा रंग कोणता म्हणायचा ते मलाही सांगता येणार नाही, कारण हल्ली मी माळ्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यांखाली अंथरलेला असतो. पडद्याला काय असणार सांगण्यासारखं, असं म्हणून उठू नका मित्रांनो. माणसं जे जे झाकतात ते पडद्यालाच तर ठाऊक असतं. आणि माझ्या आड एक अख्खी मुलगी झाकली होती.

त्या मुलीला घरात भोंगा म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच राहू दे. जन्मल्याबरोबर ती अशी काही रडली की दवाखान्यातल्या शेजारच्या खोल्यांतली माणसं दारं उघडून बघू लागली. नर्स म्हणाली, "मुलगी झाली की भोंगा?" झालं, तेच नाव चिकटलं. तिला भूक लागली की खालच्या मजल्यावरच्यांना आधी कळायचं. ती हसायची तर रडण्याहून मोठ्याने. वडील कानांवर हात ठेवायचे, पण तेही हसत हसत.

तिच्या आत्याला मात्र त्या आवाजाचं भारी कौतुक. "ओरडू दे गं तिला," ती भोंग्याच्या आईला सांगायची. "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही." या आत्याचं कपडे शिवायचं दुकान होतं आणि माझा जन्म तिच्याच मशीनवर झाला. भोंगा तीन वर्षांची झाली तेव्हा तिने ताग्यातलं उरलेलं जाडजूड निळं कापड काढलं, दुहेरी केलं, वर दोरी ओवायला नेफा ठेवला आणि बरोबर भोंग्याच्या तोंडाच्या उंचीवर एक चौकोनी खिडकी कापली. खिडकीला पिवळी किनार लावली. जुन्या मोज्यांच्या दोन बाहुल्याही केल्या. मी बाहुल्यांच्या खेळाचा पडदा होतो मित्रांनो. तेव्हा मला कोणी भिंत म्हटलं असतं तर मी हसलो असतो.

संध्याकाळी मला दिवाणखान्यात आडव्या दोरीवर टांगायचे. आई, वडील, कधी आत्या, असे सगळे समोर जमिनीवर बसायचे. मागून बाहुली वर यायची, एखादं वाक्य बोलायची, की भोंग्याचा धीर सुटायचा. बाहुली राहायची बाजूला आणि खिडकीतून तिचंच डोकं बाहेर यायचं. "मी आले," ती ओरडायची, जणू ती कुठे परगावी गेली होती. आई दर वेळी तितकीच दचकायची. खोटं खोटं दचकायची, पण छान दचकायची.

मग आईची कचेरी घरी आली.

आई एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. कोणाचा फ्रीज गार होत नाही, कोणाचं कपडे धुण्याचं मशीन मध्येच थांबतं. लोक तावातावाने बोलायचे आणि ती म्हणायची, "तुमचा त्रास मला समजतोय. शांतपणे सांगा, मी ऐकतेय." कंपनीने कचेरीची भाड्याची जागा सोडली आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. त्या दिवशी आई किती खूश होती, ते मी पाहिलंय. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "आता दिवसभर भोंग्याजवळ राहता येईल." भोंगा जायची ते पाळणाघर लगेच बंद केलं. घरी राहायचं म्हणजे घरच्यांबरोबर राहायचं, असा तिचा भाबडा हिशोब.

वडील आधीपासूनच घरून काम करायचे. इमारतींचे नकाशे काढायचे. घरात दार लागणारी खोली एकच आणि ती त्यांची होती. "नकाशाला एकाग्रता लागते," असं ते म्हणायचे. तक्रारी ऐकायला बहुतेक लागत नसावी. तर त्यांच्या वाट्याला दार आलं आणि तिच्या वाट्याला मी.

कंपनीचे नियम कडक. कॅमेरा सतत चालू हवा, मागे घरातलं काही दिसता कामा नये, आणि बोलणं चालू असताना मागून कसलाही आवाज आला तर गुण कापले जायचे. गुण घसरले की नोकरी गेली. एका बाईची नोकरी कुकरच्या शिट्टीने गेली, असं आई सांगायची. सांगताना हसायची, पण त्या दिवसापासून आमच्या घरात भात सकाळी उजाडायच्या आत होऊ लागला.

वडिलांनी समोरासमोरच्या भिंतींत हुक ठोकले आणि मला आईच्या खुर्चीमागे कायमचं टांगलं. राहिली माझी खिडकी. ती आईने शिवली. तिला शिवणकाम कुठे येतंय, धावदोरा घातला, तोही वाकडातिकडा. भोंगा शेजारी उभी राहून बघत होती.

"माझी खिडकी का शिवतेस?"

"इथे आता आईचं ऑफिस आहे ना. ही भिंत आहे. भिंतीला खिडकी नसते."

"आपल्या सगळ्या भिंतींना आहे," भोंगा म्हणाली.

आईने गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

मग भोंग्याला शिकवणं सुरू झालं. तिला माझ्यामागे सतरंजी, खडू आणि कागद देऊन बसवायचे. ती पहिल्यांदा ओरडली तेव्हा आईचे गुण कापले गेले आणि आई संध्याकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडली. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा आतल्या खोलीतून वडील म्हणाले, "अगं, जरा आवाज कमी कर ना तिचा." जणू पोरगी म्हणजे रेडिओ. शेवटी आईनेच तोडगा काढला. हाक मारायची नाही, माझं खालचं टोक ओढायचं. एकदा ओढलं की पाणी. दोनदा ओढलं की शू. आई न वळता खालून बाटली सरकवायची, नाहीतर समोरच्या माणसाला मिनिटभर थांबायला सांगून यायची. भोंग्याला तो खेळ वाटला. ती हुशार पोर, लगेच शिकली. पाणी झालं, शू झाली. आणखी काही सांगायचं असेल तर काय ओढायचं, हे काही कोणाला सुचलं नाही.

माझ्या खिडकीचा एक टाका ढिला राहिला होता. तिथून बोटभर फट पडायची. भोंगा तिला डोळा लावून उभी राहायची. दिसायचं काय, तर आईची मान आणि कानांवरच्या हेडफोनची पट्टी. तिच्या चित्रांतही आईला तोंड नसायचं, नुसते केस आणि ती पट्टी. आईने ती चित्रं कपाटावर चिकटवली, "किती सुंदर" म्हणाली आणि पुढचा फोन घेतला.

काही महिन्यांत घर असं शांत झालं की घड्याळ ऐकू येऊ लागलं. कामाबाहेरच्या वेळीही भोंगा हळूच बोलायची. पडलेली पेन्सिल उचलतानासुद्धा आधी माझ्याकडे बघायची. एकदा आईच्या वरिष्ठ बाईंनी सगळ्यांना संगणकाच्या पडद्यावर गोळा केलं आणि सांगितलं, "यांच्या घरात लहान मूल आहे, पण गेल्या कित्येक महिन्यांत आपल्याला कळलंसुद्धा नाही. याला म्हणतात शिस्त. बाकीच्यांनी शिकून घ्या." आईचा चेहरा फुलला. आधीच्या कापलेल्या गुणांनंतर तो पहिला चांगला शब्द होता, तिला तरी का नावं ठेवू. प्रशस्तिपत्र घरी आलं. वडिलांनी ते कुठे लावलं माहीत आहे? माझ्यावर, खिडकीच्या जागी, चार टाचण्या मारून. त्या ढिल्या टाक्यावर बरोबर कंपनीचा शिक्का आला. दुसऱ्या दिवशी भोंगा फटीला डोळा लावायला आली, थोडा वेळ उभी राहिली आणि सतरंजीवर जाऊन बसली.

मध्ये एकदा आत्या आली. दारातूनच म्हणाली, "काय गं, भोंगा घरात नाही वाटतं?" तेवढ्यात भोंगा माझ्यामागून आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल. आई ऐकतेय." आत्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

काम संपल्यावर ती आईला आणि भावाला म्हणाली, "पोरीला परत पाळणाघरात घाला. माझं ऐका."

"घरात दोन दोन माणसं असताना पाळणाघर कशाला?" वडील म्हणाले.

"कुठायत दोन माणसं? एक दाराआड, एक पडद्याआड."

"ताई, तुमच्या दुकानात मूल रडलं तर गिऱ्हाईक त्याला गोळी देतं," आई म्हणाली. "माझं गिऱ्हाईक तक्रार करतं. सांगा, काय करू?" खरं तर त्या दोघींनी मिळून दाराकडे बघायला हवं होतं, पण बघत होत्या एकमेकींकडे. वडील तोवर आत गेले होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

दुपार होती. रस्त्यावर कचऱ्याची गाडी आली आणि तिचा खडखडाट आत येऊ लागला. सज्जाचं सरकतं दार उघडं राहिलं होतं. आई बोलण्यात होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फ्रीजचं दार नीट लागत नव्हतं. भोंग्याने खडू खाली ठेवला. आवाज आला तर आईचे गुण जातात, हे तिला पाठ होतं. ती उठली, सज्जाजवळ गेली आणि ते जड दार दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. दार लागलं. तिची दोन बोटं मध्ये होती.

मी वाट पाहिली मित्रांनो. म्हटलं, आता तरी. खालच्या मजल्यावरची माणसं धावत येतील असा तो आवाज मला आठवत होता. पण तिने दार पुन्हा सरकवलं, बोटं काढली आणि हात पोटाशी धरून माझ्याकडे आली. तोंड उघडं होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आवाज नव्हता. तिने माझं टोक धरून एकदा ओढलं. खालून पाण्याची बाटली आली. तिने दोनदा ओढलं. खालून आईचा हात मागे आला, पंजा उघडून, थांब म्हणून. पुढे काय ओढायचं ते तिला कोणी शिकवलंच नव्हतं. मग तिने माझं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी गच्च आवळलं.

माझ्या पुढच्या बाजूला आई म्हणत होती, "काका, तुमचा त्रास मला समजतोय. काही घाई नाही. शांतपणे सांगा, मी ऐकतेय."

काकांनी शांतपणे सांगितलं. फ्रीज कधी घेतला, कोणी आणून दिला, सगळं. माझी एक बाजू ऐकत होती आणि दुसरी ओली होत होती. फोन संपल्यावर आई कौतुकाने म्हणाली, "शहाणं गं माझं बाळ, आता बोल," आणि मला बाजूला सारलं. माझं टोक तेव्हा निळं नव्हतं.

आईने मला हिसका देऊन ओढलं. हुक भिंतीतून निघाले, प्रशस्तिपत्र खाली पडलं. मला पोरीभोवती गुंडाळून ती तशीच दवाखान्याकडे पळाली. वडील दार उघडून विचारत राहिले, "काय झालं? आवाज तर काहीच आला नाही."

डॉक्टरांनी बोटं धुतली, टाके घातले. एका बोटाचं टोक यापुढे वाकडंच राहील, असं म्हणाले. मग विचारलं, "खूप रडली का?"

"नाही," आई म्हणाली. "रडली नाही."

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. "इतकं लागून रडली नाही? बोलते ना ही?"

आई मला मुठीत धरून बसून राहिली. तिच्या मुठीत मी किती पिळलो गेलो ते माझं मला ठाऊक.

घरी आल्यावर तिने मला जमिनीवर पसरलं आणि कात्रीने खिडकीचे टाके उसवले. घाईत एकदोनदा कापडही कापलं गेलं. मग वडिलांना एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं. "बघ, उघडली तुझी खिडकी," ती रडत म्हणाली. "ये. डोकं काढ बाहेर आणि ओरड. हवं तेवढं ओरड गं, मला ऐकायचंय."

भोंगा माझ्यामागे आली. खिडकी आता तिच्या गळ्याशी येत होती, कारण ती उंच झाली होती. तिने वाकून बाहेर पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "आई, कॉल संपला?"

कामाच्या वेळात उठून गेली म्हणून आईचे गुण कापले गेले, पण नोकरी राहिली. भोंगा पाळणाघरात जाऊ लागली, मग शाळेत. पहिल्याच महिन्यात शिक्षिकेने आईला बोलावून सांगितलं, "इतकी शांत मुलगी वर्गात दुसरी नाही. काय छान वळण लावलंय हो तुम्ही." आईने त्याच दिवशी मला माळ्यावर टाकलं. दोनदा धुतलं होतं, पण डाग गेला नाही आणि दातांची नक्षीही गेली नाही. माझ्याकडे बघवत नव्हतं तिला. माझा राग नाही त्यावर. मी कापड आहे, मला जिथे टांगाल तिथे लोंबणार.

पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काम करताना तुम्हाला गप्प बसायला सांगितलं, तर बसा जरूर. मोठ्यांची पोटापाण्याची धडपड असते. मात्र त्यांना आधी एवढं विचारून घ्या की लागलं, खुपलं, भीती वाटली तर काय करायचं. आणि मोठ्यांनो, तुम्ही चोरून वाचत असाल तर तुम्हालाही सांगतो, मूल ओरडतंय तोवर तुमचं बरं चाललंय.

माळ्यावरून मला खालचं थोडं ऐकू येतं. आई रोज संध्याकाळी हाक मारते, "भोंगा..." आणि थांबते. उत्तर येत नाही. भोंगा येऊन तिच्या कुर्त्याचं टोक ओढते. एकदा ओढलं की आई पाणी देते. दुखतं तेव्हा ती काय करते, हे त्या घरात अजून कोणालाच माहीत नाही.