बाहेरच्या बाजूची शिवण

मित्रांनो, चिमटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर येतं. मी तिथला नव्हे. मी ओव्हरलॉक शिलाई मशीनबरोबर आलेला, वाकड्या मानेचा, आता बराच जुना झालेला चिमटा आहे. माझ्या मानेला कुणी इजा केलेली नाही. कारखान्यात पोलादाची पट्टी कापली, घासली, टोकाला टोक जुळवलं आणि मुद्दाम मला असं वाकवलं. सरळ चिमट्याचं जिथे काही चालत नाही, तिथे मी सहज शिरतो, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

मशीनबरोबरच्या लहानशा डब्यात आम्ही सगळे दाटीवाटीने राहत होतो. जादा सुया, एक जादा पातं, स्क्रू ड्रायव्हर, तेलाची बाटली आणि एक ब्रश. ब्रशला स्वतःच्या केसांचा फार तोरा होता. पण आम्ही ज्या घरी आलो, तिथल्या आत्याने डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. "हा खेळ नंतर बघू," म्हणत तिने आम्हाला खिडकीत ठेवून दिलं.

आत्याचा तोराही काही कमी नव्हता, पण तो तिला शोभत होता. तिचं सारं आयुष्य पायमशीनवर गेलं होतं. तिच्या हातचा कपडा उलटा केल्याशिवाय शिवण कुठे आहे ते कळत नसे. शिवण बाहेर दिसता कामा नये, हा तिचा हट्ट होता. नवं मशीन तिने हौसेने घेतलं नव्हतं. तिची भाची तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळ दिवस भरायच्या आत जन्मलेलं, आणि त्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. कुठलंही झबलं घातलं की अंगावर लाल वळ उठत. मग ते रडत सुटे, आणि रडून इतकं दमे की दूध ओढायला त्याच्यात जोर उरत नसे. वजन काही केल्या वाढेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, याला उबेत ठेवा आणि रडू देऊ नका. उघडं ठेवलं तर गारठतं, कपडा घातला तर रडतं, अशी सगळ्यांची पंचाईत झाली होती. मऊ, ताणला जाणारा कपडा पायमशीनवर नीट शिवता येत नाही, म्हणून हे मशीन आलं.

आत्याने सवयीप्रमाणे आधी सुया ओवल्या. मग खालच्या लूपरमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटातल्या दोन आकड्यांपैकी खालच्यात, दोरा घातला. चाक फिरवलं आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आत्या, मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत बघू का?" भाचीने बाळाला थोपटत विचारलं.

"सुई ओवायला मला पुस्तक लागणार?"

"सुई तुलाच येते गं. पण हे मशीन तुला ओळखत नाही ना अजून."

आत्याला हसू आलं आणि तिथेच गाडं रुळावर आलं. भाचीने वाचून दाखवलं: आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया अगदी शेवटी. आत्याने सगळे दोरे काढून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पण खालच्या लूपरपाशी तिची बोटं पोहोचेनात. तेव्हा कुठे डबा उघडला गेला. तिने मला उचललं, दोऱ्याचं टोक माझ्या चिमटीत दिलं आणि मी ते अंधाऱ्या कोपऱ्यातून अलगद पार नेलं. चाक फिरलं. दोरा तुटला नाही. "याला म्हणतात कामाचा माणूस," आत्या म्हणाली. मी माणूस नाही, पण मी ते मनापासून स्वीकारलं.

मशीन झरझर चालू लागलं. पातं कडा कापत होतं आणि मागून शिडीसारखी शिवण पडत होती. झबलं तयार झालं, बाळाला घातलं, आणि बाळ रडलं. झबलं काढलं तर पाठीवर हुबेहूब तीच शिडी लाल रंगात उमटलेली. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता मशीनवर चादर पडणार.

 पण आत्याने ते झबलं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर दाबून धरलं. शिवण टोचली. मग कपडा पालथा करून दाबला. काहीच टोचलं नाही.  मग तिने झबलंच उलटं केलं, शिवण बाहेर ठेवली आणि बाळाला घातलं.

"आत्या, लोक म्हणतील उलटं घातलंय."

"म्हणू देत. लोकांना कुठे टोचतंय?"

बाळ कुरकुरलं, मग दुधाला लागलं आणि पीत पीतच झोपी गेलं. भाचीचा जीव भांड्यात पडला. जन्मभर जी शिवण लपवली, ती आत्याने एका दुपारी उघड्यावर आणली. मला तिचं फार फार कौतुक वाटलं. पण हट्ट सोडेल तर ती आत्या कसली? दिसणारच असेल तर देखणी दिसू दे, म्हणून तिने निळे दोरे लावले आणि टाका नीट बसेपर्यंत टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याच्या ताणाच्या, चकत्या फिरवत राहिली. बाळाने अशी कितीतरी झबली घातली आणि बघता बघता बाळसं धरलं.

पुढे भाची बाळाला घेऊन आपल्या घरी गेली. आत्याकडे मात्र असेच कपडे शिवून घ्यायला माणसं येत राहिली आणि माझे दिवस मानाचे गेले. मग आत्याची नजर मंदावली. मशीनवर खरंच चादर पडली. कुणी माझ्याने काटा काढला, कुणी भुवया कोरल्या, एकदा तर मोरीतला केसांचा गुंता काढला. माझं टोक फाकलं आणि मी मशीनखाली साचलेल्या कापडाच्या तुसात हरवलो. मला कुणी शोधलं नाही, याचं वाईट वाटलं.

एके दिवशी आत्याची काळजी घ्यायला परत आलेल्या भाचीने चादर काढली. तिने तूस झाडलं, तेल दिलं, मला शोधून माझी टोकं जुळवली. आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया शेवटी. तिने एक सैल गाऊन शिवला आणि पलंगावर पडून असलेल्या आत्याला घातला. आत्याची कातडी आता त्या बाळाच्या कातडीइतकीच पातळ झाली होती. आत्याने निळ्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"लोक म्हणतील, म्हातारीने उलटं घातलंय."

"म्हणू देत," भाची म्हणाली. "लोकांना कुठे टोचतंय?"

मित्रांनो, नवं मशीन आणलंत तर त्याच्यासोबतचा डबा अडगळीत टाकू नका. काम झालं की तूस झाडा आणि मला माझ्या जागी ठेवा. घरात कुणाची कातडी कधी नाजूक होईल, सांगता येत नाही.