बाबांच्या सकाळी

दादा सोमवारी परदेशातून आला. शुक्रवारी बाबांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढायचं होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुपारनंतर घसा सुजायचा, म्हणून बाबांचं बोलणं सकाळी आठ ते दहा एवढंच उरलं होतं. त्यांना दादाशी बोलायचं होतं. काय, ते मलाही सांगत नव्हते.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मेलाटोनिनच्या गोळ्या मीच आणल्या आणि गिऱ्हाइकांना सांगते तसं त्यालाही बजावलं, इथली रात्र झाली की घे, दोन-तीन दिवसांत झोप ताळ्यावर येईल. पण पिकतं तिथे विकत नाही. दादाने मनगटावरचं घड्याळसुद्धा बदललं नाही. पाच दिवसांसाठी शरीराला कशाला छळायचं, परत गेल्या गेल्या कामावर बसायचंय, असं त्याचं म्हणणं. त्याच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजले की गोळी. तेव्हा आमच्याकडे सकाळचे आठ.

मंगळवारी बाबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून येईपर्यंत हा आत घोरत होता. मी उठवायला निघाले तर बाबांनी हात धरला. "झोपू दे गं. लांबून आलाय."

बुधवारी तेच. संध्याकाळी साहेब टवटवीत उठले, तेव्हा बाबांचा घसा मिटलेला. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेव, निवांत ऐकेन, असं दादा मला म्हणाला. मी फोन समोर धरला, बाबांनी तो पालथा घातला.

गुरुवारी मी कुणाचंच ऐकलं नाही. दादाला गदागदा हलवून बसवलं. बाबा बोलायला लागले. हा दोन मिनिटं "हो बाबा, हो बाबा" करत राहिला आणि बसल्या बसल्या पेंगला. बाबा वाक्य अर्धं टाकून थांबले. त्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं मला. अजूनही वाटतं.

शनिवारी संध्याकाळी विमानाला निघण्याआधी दादा दवाखान्यात आला. नर्सने दिलेली पाटी आणि पेन त्याने बाबांच्या हातात ठेवलं. "तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना? लिहा. तासभर आहे माझ्याकडे."

बाबा बराच वेळ पेन नुसतं धरून होते. मग त्यांनी लिहिलं, झोप झाली का?

"मस्त झाली," दादा म्हणाला.

बाबांनी पाटी पुसली आणि माझ्याकडे दिली.