रुग्ण क्रमांक एक

“पाकीट तुम्हीच फोडा,” आकडेवारीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते टेबलावरून डॉक्टरांकडे सरकवलं.

आत एकच कागद होता. कोणत्या मुलाला कोणत्या आठवड्यात रंग घातलेलं सरबत दिलं आणि कोणत्या आठवड्यात बिनरंगाचं, एवढंच त्यावर लिहिलं होतं. दोन्ही सरबतं काळ्या द्राक्षांच्या रसात केलेली, त्यामुळे दिसायला नि चवीला सारखीच. कुठली बाटली कसली, हे ना डॉक्टरांना ठाऊक होतं, ना मुलांच्या आयांना. बेचाळीस मुलं, सहा आठवडे. मूल किती वेळा जागेवरून उठलं, कुणाला मारलं, केव्हा झोपलं, हे आयांनी रोज लिहून ठेवलेलं.

बाईंनी दोन्ही रकाने जुळवले. पुन्हा जुळवले. मग चष्मा काढला.

“फरक नाही, डॉक्टर. तीनचार मुलांत जरासा दिसतो, पण तेवढा नाणं उडवूनही दिसेल.”

डॉक्टर मुलांच्या ॲलर्जीचे. सकाळी हातावर थेंब टाकून, सुई टोचून तपासण्या करायच्या आणि दुपारी पथ्याचा दवाखाना चालवायचा, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा परिपाठ होता. मूल चंचल होतं, चिडतं, डोकं आपटतं ते खाण्यातल्या कृत्रिम रंगांमुळे, असं त्यांचं ठाम मत. सहकाऱ्यांनी ते कायम हसण्यावारी नेलं. ‘आजार पोराला, पथ्य साऱ्या घराला,’ असं कुणीतरी म्हणालं होतं आणि ते रुग्णालयभर झालं. पण आयांना ते देवासारखे वाटत. तुम्हाला मूल सांभाळता येत नाही, असं सासरमाहेरकडून ऐकून कान किटलेल्या त्या बायकांना हा एकच माणूस सांगायचा की चूक तुमची नाही, बिस्किटाची आहे. मुलं मात्र त्यांना ‘नकोडॉक्टर’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

“त्या तीनचार मुलांवर भर देऊन लिहिता येईल,” बाई हलकेच म्हणाल्या. “खोटं नाही होणार.”

“खरंही नाही होणार,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी जसं होतं तसं छापलं. जे सहकारी इतकी वर्षं हसत आले होते ते आता पाठीवर थाप मारू लागले. ती थाप हसण्यापेक्षा जड गेली. आया यायच्या थांबल्या. एकीने दारातच उभं राहून विचारलं, की पाच वर्षं माझ्या पोराला मित्रांच्या प्रत्येक वाढदिवसाला वेगळा डबा देऊन पाठवलं, ते कशासाठी? दोन महिन्यांनी बाहेरची बाकं हाडांच्या विभागाने मागून नेली. नाही म्हणायला कारणच नव्हतं.

एका माणसाला मात्र समोर बसून सांगायला हवं होतं. त्यांच्या मुलीला. त्यांच्या पहिल्या लेखातली ‘रुग्ण क्रमांक एक’ तीच होती.

ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतर पोर हाताबाहेर गेली. ताटं भिरकावायची, एकदा तर सांभाळायला ठेवलेल्या बाईंना चावली. डॉक्टरांनी घरातला रंगाचा प्रत्येक पदार्थ बंद केला आणि रोज संध्याकाळी तिचं दिवसभराचं खाणं नि वागणं टिपायला वही घेऊन ते तिच्यासमोर बसू लागले. तीन आठवड्यांत मुलगी शांत. बाकी सगळं त्या वहीवरच उभं राहिलं होतं.

आता ती चौतिशीत, बसने चार तासांवरच्या गावी राहायची. रविवारी फोन व्हायचा, दोघांच्या तब्येतीपुरता. डॉक्टर न कळवताच गेले. तिने जेवायला वाढलं, स्वतःही बसली. जेवण झाल्यावर ती पातेलं घासायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीकडे बघत सगळं सांगितलं.

“तुझं लहानपण मी उगाच अळणी केलं,” ते म्हणाले. “मला माफी मागायची आहे.”

ती घासायची थांबली नाही.

“बाबा, मी सगळं खायचे.”

“म्हणजे?”

“शाळेत. लाल गोळ्या, पिवळं सरबत, मैत्रिणींच्या डब्यातला केक. पहिल्या आठवड्यापासून. येताना नळावर जीभ घासून यायचे.”

“मग तू शांत कशी झालीस?” हे त्यांच्यातल्या डॉक्टरने विचारलं.

तिने नळ बंद केला, हात पुसले.

“तुम्ही समोर येऊन बसायला लागलात ना. मी दंगा केला असता, तर पथ्य लागू पडत नाही म्हणून तुम्ही वही मिटली असती.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही किती खुशीत होतात. आणि मग ते छापूनच आलं. छापलेलं कसं खोडायचं?”

तिने चहा टाकला. पुढे बसच्या वेळेचं बोलणं झालं.

परतीच्या बसमध्ये त्यांना आठवत गेलं. लेख आला, नाव झालं, दवाखान्यात रांग लागली. मग वही लिहायचं काम तिला सांभाळणाऱ्या बाईंकडे गेलं. आपण तिच्यासमोरच्या खुर्चीवर जेमतेम आठ महिने बसलो. पुढे ती खुर्ची रिकामी राहिली, आणि पोर मात्र तशीच शहाण्यासारखी वागत राहिली. हे ती बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्या आठवड्यात त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं: रुग्ण क्रमांक एकने पथ्य पाळलं नव्हतं, तो दाखला रद्द समजावा. इतकं जुनं दुरुस्त करायची गरज नाही, असं संपादकांनी कळवलं. डॉक्टरांनी पुन्हा पाठवलं. शेवटी मागच्या पानाच्या तळाशी दोन ओळी आल्या. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी एक बाई पाचेक वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. जुन्या आयांपैकी कुणीतरी पत्ता दिला होता. डॉक्टरांनी तपासणी केली, वीस मिनिटं वाट पाहिली. मुलाच्या हातावर साधी पुळीसुद्धा उठली नाही.

“म्हणजे काहीच बंद करायचं नाही?” बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता.

“काही नाही. सगळं खाऊ दे.”

“मग हा असा का वागतो?”

मूल वजनाच्या काट्यावर उड्या मारत होतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

बाईंनी पिशवी खांद्याला लावली, आणि उठता उठता त्या पुन्हा बसल्या. घरात कुणाला खरं वाटत नाही, म्हणाल्या. रात्र रात्र झोपत नाही हा. शेजारी भिंतीवर थापा मारतात. डॉक्टरांनी आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आणली आणि ते ऐकत राहिले. बाहेर कुणी खोळंबलेलं नव्हतं.