हद्दीतलं रक्त

आमचा जिल्हा फुटून नवे जिल्हे झाले त्या दिवशी आईचं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं.

त्यानंतरच्या कार्तिकात एक संशोधक हैदराबादेहून जैनथजवळच्या आमच्या गावी आले. रक्तदाब घराण्यातून कसा उतरतो, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. कापूस वेचणीचे दिवस होते. अंगणात हळदीसारखं कोवळं ऊन पसरलेलं, आणि त्या उन्हाचा अपमान करावा तशी त्यांच्या बुटांची करकर. दंडाला पट्टा आवळताना ते माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत. भाव पाडणारा व्यापारीसुद्धा निदान चिमूटभर कापूस बोटांत धरून पाहतो.

मोठ्या कागदावर त्यांनी आमची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला रक्तदाब, त्याचा आकार काळा. त्यांच्या हातांतली सारी कोवळीक पेन्सिलीला टोक करण्यात खर्च होई. वडिलांकडची बाजू पांढरीच राहिली. मग आई म्हणाली, "माह्या बापाले लकवा मारला, दोन भावाईले बी. प्रेशरच होतं सगळ्याईले."

"अम्मा, वो गांव अब अपने जिले में नहीं. स्टडी की मंजुरी इसी जिले की है."

"काऊन? रगताले बी जिल्हा रायते का, साहेब?"

ते हसले आणि आईच्या वरची जागा त्यांनी कोरी सोडली. माणसाच्या अज्ञानाला मी क्षमा करू शकतो. पट्टीनं आखलेल्या अज्ञानाला नाही.

माझा धाकटा भाऊ दिगू तेव्हा रक्तदाबाची गोळी घेत असे. कागदावर तो एकटाच काळा चौकोन. त्याला ते म्हणाले, "खानदान में नहीं है. टेन्शन का है, उतर जाएगा."

दिगूनं गोळी सोडली. आई चिडली की तो हसून म्हणे, "माय, साहेबाईनं लेहून देल्लं. तुये भाऊ हद्दीभाईर हायत."

पुढच्या उन्हाळ्यात, पळस झडून गेल्यावर, तो बांधावर टेकला तो उठला नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी संशोधकांना कळवलं. उत्तरात त्यांनी फक्त मृत्यूची तारीख विचारली. मेलेल्याच्या चौकोनावर तिरपी रेघ ओढायची असते.

आता घरात आई आणि मी आहोत. दिगूनंतर मलाही रक्तदाब निघाला; सकाळी मी माझी गोळी गिळेपर्यंत ती समोरून हलत नाही.