पाठपोट

इमारत विकली गेली तेव्हाच शिवणवाल्या काकूंनी ओळखलं, की आता गाशा गुंडाळायचा. खोलीचा करार नवऱ्याच्या नावावर. त्याची मुदत संपली होती, आणि नवरा तर अकरा वर्षांपूर्वीच गेला होता. जन्मभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस. जाताना बायकोच्या सोयीचं काही करून गेला नाही, हा राग काकूंनी अकरा वर्षं जपला होता.

नव्या मालकाच्या ऑफिसातून बोलावणं आलं, तेव्हा काकू खोलीची किल्ली रुमालात बांधूनच निघाल्या. दुसरी खेप कशाला?

ऑफिसात जुने करार वाचणारं हुशार सॉफ्टवेअर आणलं होतं. मालकाने घेतलेल्या सगळ्या इमारतींमधल्या सहाशे घरांचे करार त्याने दोन दिवसांत वाचले आणि नोटिसा कुणाकुणाला पाठवायच्या, त्याची यादी केली.

मॅनेजरने काकूंना खुर्ची दिली. "तुमचं नाव यादीत होतं. मग सॉफ्टवेअरनेच ते वगळलं. हे बघा."

स्क्रीनवर कराराच्या शेवटच्या पानाची मागची बाजू होती. काकूंकडे घरी होती ती फक्त पुढच्या बाजूंची झेरॉक्स. इथे जुन्या मालकाच्या अक्षरात लिहिलं होतं : 'भाडेकरूच्या विनंतीवरून मान्य, की त्यांच्या पश्चात त्यांची पत्नी हयात असेपर्यंत याच खोलीत राहील. पुढच्या मालकांवरही हे बंधनकारक.' खाली दोन सह्या. दुसरी नवऱ्याची.

"वकिलांनी तपासलंय. तुम्हाला आता कुणी हलवू शकत नाही," मॅनेजर म्हणाला.

काकूंनी किल्लीच्या रुमालानेच डोळे पुसले. "मेल्याने एका शब्दाने सांगितलं नाही हो! तुमच्या त्या सॉफ्टवेअरचं भलं होवो."

"ते समोर ठेवलेलंच वाचतं, काकू. आभार मानायचे तर त्यांचे माना." मॅनेजरने कोपऱ्यात स्कॅनरपाशी बसलेल्या बाईंकडे बोट दाखवलं आणि जरा ओशाळला. "कोऱ्या बाजू कशाला स्कॅन करता, म्हणून मी रोज त्यांच्यावर खेकसायचो. सगळं ऑफिस त्यांना पाठपोटबाई म्हणून चिडवतं."

"कागद उलटून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही," पाठपोटबाई म्हणाल्या. "खोडच आहे ती."

"देव करो नि तुमची खोड कधी न जावो," काकू म्हणाल्या. मग पिशवीतून टेप काढून त्यांनी सरळ स्कॅनरचं माप घ्यायला सुरुवात केली.

"अहो, हे काय?" मॅनेजरने विचारलं.

"धूळ बसलीय किती! खोळ शिवून आणते."

घरी येऊन काकूंनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि लगेच खोळ शिवायला घेतली. अस्तर असं बेताने लावलं, की उलटी बाजू कुठली ते शोधूनही सापडू नये. शेवटचा दोरा तोडून त्या नवऱ्याच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "फार उपकार झाले तुमचे."

उत्तर आलं नाही. बोलायची सवय त्या माणसाला कधी नव्हतीच.